पळसदरीहून परळला आधी काय जावं?

मूत्राशयाच्या कर्करोगाच्या साधारण दहापैकी नऊ रुग्णांत रोग उगवतो तो मूत्राशयाच्या आतल्या अस्तरातून. त्याला युरोथेलियल कार्सिनोमा म्हणतात. त्याचं नेहमीचं रूप कोणत्याही पॅथॉलॉजिस्टच्या ओळखीचं असतं. पण याच रोगाची काही आडवळणाची रूपं आहेत, मायक्रोपॅपिलरी, प्लाझ्मासायटॉइड, नेस्टेड, सार्कोमाटॉइड अशा नावांची. शिवाय स्मॉल सेल आणि उरॅकसचा ग्रंथिकर्करोग ही वेगळ्याच स्वभावाची मंडळी. एकेक घेतलं तर दुर्मिळ. सगळी मिळून तितकी दुर्मिळ नाहीत. कर्जत-खालापूरसारख्या भागात लघवीतून रक्त गेलेला माणूस दुर्बिणीच्या तपासणीपर्यंत पोचतानाच दमतो. तिथे या नावांच्या मागे लागावं का? यावर दोन मतं ऐकू येतात. ती मी इथे दोन कल्पित माणसांच्या तोंडी घातली आहेत. एक पळसदरीत दवाखाना चालवणारे, केस पिकलेले जनरल प्रॅक्टिशनर. दुसऱ्या नवी मुंबईतल्या प्रयोगशाळेत काचा वाचणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट. मी तटस्थ नाही, त्यामुळे मधे मधे तोंड घालणार आहे.

डॉक्टर: मॅडम, तुमची यादी बरोबर आहे, पण माझं गाऱ्हाणं त्या यादीच्या फार अलीकडचं आहे. माझ्याकडे वाडीवरचा माणूस येतो तो उन्हाळी लागली म्हणून. घरी धने-जिऱ्याचं पाणी पिऊन झालेलं असतं, कुणीतरी गोखरूचा काढा दिलेला असतो. लघवी लाल झाली होती, हे तो उठता उठता सांगतो. बाया तर सांगतच नाहीत, आणि सांगितलं तरी ते पाळीच्या नाहीतर पाळी जाण्याच्या खात्यात जमा होतं. दुखत नाही, आणि चार दिवसांत रक्त आपोआप थांबतं. थांबलं म्हणजे बरं झालं, असं घरचे समजतात आणि खरं सांगायचं तर आमच्यातले काही डॉक्टरही समजतात. मूतखड्याचा माणूस कळ आली म्हणून रात्री दार वाजवतो. हा मात्र दुखत नाही म्हणून वर्ष काढतो. त्यानंतर सोनोग्राफी, मग पनवेलला नाहीतर मुंबईला दुर्बीण, मग तुकडा. एवढं सगळं होऊन हातात ‘हाय ग्रेड युरोथेलियल कार्सिनोमा’ असा कागद आला की मला देव पावला. त्यावर तुम्ही म्हणता, यात आणखी कोणता उपप्रकार आहे ते शोधा. ज्या गावात रोगच सापडत नाही, तिथे रोगाची पोटजात शोधणं ही मला चैन वाटते.

डॉक्टरांच्या बोलण्यातला पहिला भाग नाकारायचं काही कारण नाही. वेदना नसताना लघवीतून एकदाही रक्त गेलं, आणि माणूस चाळिशी ओलांडलेला किंवा विडी ओढणारा असेल, तर त्याचा छडा लावल्याशिवाय औषधाची चिठ्ठी लिहून मोकळं होऊ नये, हे जुनं शहाणपण आहे. सोनोग्राफीत सपाट पसरलेला रोग दिसत नाही. लघवीतल्या पेशींची तपासणी तीव्र, म्हणजे हाय ग्रेड, रोगात उपयोगी पडते, सौम्य रोगात पुष्कळदा फसवते. म्हणून शेवटी दुर्बीण लागतेच. माझा आक्षेप आहे तो दुसऱ्या भागाला. रोग शोधणं आणि उपप्रकार शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांना वेगळा पैसा आणि वेगळी फेरी लागते, असं डॉक्टर धरून चालतात. तसं फारच थोड्या वेळा असतं.

मॅडम: डॉक्टर, तुम्ही ज्या तुकड्यावरून रोगाचं नाव मिळवलंत, त्याच तुकड्यात उपप्रकार बसलेला असतो. रुग्णाला दुसऱ्यांदा टेबलावर घ्यावं लागत नाही. प्रश्न तो ओळखण्याचा आहे. आणि हे उपप्रकार सोंगाडे आहेत. नेस्टेड प्रकार घ्या. त्याच्या पेशी इतक्या सोज्वळ दिसतात की मूत्राशयाच्या अस्तराखाली निरोगी माणसातही ज्या पेशींच्या गाठी असतात, फॉन ब्रूनच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या, त्याच त्या आहेत असं वाटतं. अहवालात ‘कर्करोग नाही’ असं येतं आणि आजार मात्र स्नायूत शिरलेला असतो. प्लाझ्मासायटॉइड प्रकार याहून बेरकी. त्याच्या पेशी अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींसारख्या दिसतात, सुट्या सुट्या पसरतात, गाठ अशी धरतच नाहीत. दुर्बिणीतून पाहणाऱ्याला नुसती जाड, लालसर भिंत दिसते. अपुऱ्या तुकड्यात त्या पेशी जुनाट सूज म्हणून खपून जातात. १९९१ साली या प्रकाराचं जे सुरुवातीचं वर्णन छापून आलं, त्यातल्या रुग्णाचा आजार आधी मल्टिपल मायलोमासारखा, म्हणजे अस्थिमज्जेच्या कर्करोगासारखा भासला होता. आणि गंमत बघा, प्लाझ्मा पेशी ओळखायला आम्ही सीडी१३८ नावाचं जे रंजक वापरतो, ते या कर्करोगाच्या पेशीही घेतात. एका रंजकावर भरवसा ठेवला की फसलात. सायटोकेरॅटिन आणि गाटा३ लावून पाहिलं तर खरी जात उघडी पडते.

यामागचं कारणही आता कळलेलं आहे. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन असतं आणि सीडीएच१ हे जनुक ते बनवतं. प्लाझ्मासायटॉइड प्रकारात बहुतेक वेळा हेच जनुक मोडलेलं सापडतं, हे २०१६ साली दाखवून दिलं गेलं. बांधणारा दोरच तुटल्यामुळे पेशी एकेकट्या भटकतात, मूत्राशयाच्या बाहेरच्या चरबीत आणि पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरतात. शस्त्रक्रिया करणाऱ्याला हे आधी ठाऊक असेल तर तो कापलेल्या कडा, मूत्रवाहिन्यांची टोकं, पोटातला पडदा हे सगळं संशयानं तपासतो. स्कॅनमध्ये गाठ दिसत नाही म्हणून निर्धास्त होत नाही. दिसणं, पसरणं आणि उपचार यांची सांगड इतकी स्पष्ट असलेलं दुसरं उदाहरण या विषयात मला आठवत नाही. नावाला महत्त्व का, याचं उत्तर द्यायला हा एक प्रकारही पुरेसा व्हावा. पण डॉक्टर एका उदाहरणानं ऐकणाऱ्यांतले नाहीत.

डॉक्टर: ठीक. पण मला सांगा, नाव कळल्यानं उपचार बदलतो का? की अहवाल तेवढा भारदस्त होतो? आमच्या रुग्णाला शेवटी तीच शस्त्रक्रिया, तीच सलाइनमधून जाणारी औषधं. आणि दुसरं. तुमचे तज्ज्ञ तरी एकमेकांशी सहमत असतात का? एकाच काचेवर दोन पॅथॉलॉजिस्ट दोन नावं देतात, हे मी पाहत आलोय. मग गरीब माणसानं कुणाचं खरं मानायचं?

मॅडम: उपचार बदलतो, आणि काही वेळा पार उलटा होतो. स्मॉल सेल प्रकार अस्तराच्या नेहमीच्या कर्करोगाच्या शेजारी, त्याच गाठीत लपलेला असू शकतो. तो थोडाजरी असला तरी अहवालात लिहावाच लागतो, कारण मग आधी केमोथेरपी आणि नंतर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार असा क्रम लागतो. थेट सुरी लावली तर तोवर रोग इतर अवयवांत गेलेला असण्याची भीती मोठी. उलट बाजू पाहा. उरॅकस म्हणजे गर्भात बेंबीपासून मूत्राशयापर्यंत असलेल्या नळीचा अवशेष. त्यातून निघालेला ग्रंथिकर्करोग मूत्राशयाच्या माथ्यावर उगवतो. तिथे पुष्कळदा सगळं मूत्राशय काढावं लागत नाही. माथ्याचा भाग, तो अवशेष आणि बेंबी एकत्र काढतात, आणि माणसाचं मूत्राशय राहतं. आता यात मेख अशी की काचेवर हा रोग आतड्याच्या कर्करोगासारखाच दिसतो. मी एकटी काचेवरून तो सांगू शकत नाही. दुर्बीण घालणाऱ्यानं चिठ्ठीवर ‘गाठ माथ्यावर’ एवढे दोन शब्द लिहिले आणि आतड्याची तपासणी झाली, तरच उत्तर मिळतं. ग्रंथीसारख्या पेशी दिसल्या की मूळ रोग आतड्यात, प्रोस्टेटमध्ये की गर्भाशयाच्या मुखात, हे विचारावंच लागतं.

मतभेदांच्या आक्षेपाला मात्र आकड्यांनी उत्तर द्यायला हवं. मायक्रोपॅपिलरी प्रकार १९९४ साली अमीन आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा वेगळा काढला. अंडाशयाच्या एका कर्करोगाशी त्याचं रूप जुळतं, हे त्यांनी दाखवलं. त्यानंतर २०१० साली मूत्रमार्गाच्या रोगांत मुरलेल्या १४ पॅथॉलॉजिस्टांना ३० रुग्णांच्या काचा वाचायला दिल्या गेल्या. ठळक, पुस्तकी रूप असलेल्या काचांवर बहुतेकांचं जमलं. धूसर काचांवर मतं फुटली, आणि एकूण सहमती मध्यम निघाली. म्हणजे डॉक्टरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पण या अर्ध्या सत्याच्या बाजूला दुसरा पुरावा ठेवावा लागतो. २०१३ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. गावोगावच्या सर्वसाधारण प्रयोगशाळांतून आलेले मूत्राशयाचे तुकडे विशेषज्ञांनी पुन्हा वाचले, तेव्हा उपप्रकार असलेल्या तुकड्यांपैकी ४४ टक्क्यांच्या अहवालात त्याचा उल्लेखच नव्हता. विशेषज्ञ आपसांत भांडतात ते कडेच्या थोड्या रुग्णांवरून. सर्वसाधारण वाचनात मात्र जवळजवळ निम्मे सुटून जातात. पहिल्या अडचणीचं कारण दाखवून दुसरी सोसत राहणं हे मला तर्काला धरून वाटत नाही. आणि जी चूक धनाढ्य देशातल्या प्रयोगशाळांत होते ती आपल्याकडे होत नसेल, असं मानायला काहीच आधार नाही.

डॉक्टर: हे मी मान्य करतो. पण मान्य करून मी काय करू? कर्जतहून लोकलनं परळचं टाटा रुग्णालय गाठायचं म्हणजे दोन तास, वर बाहेरगावचे रुग्ण, रांगा, राहण्याची सोय. एक माणूस आजारी, एक सोबत, दोघांची मजुरी बुडते. पळसदरीला सगळ्या गाड्या थांबतही नाहीत. खोपोली लोकल चुकली की रिक्षा करून कर्जत. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की रुग्ण येईनासा होतो. तुमच्या दुसऱ्या वाचनापायी तो पहिल्या उपचारालाही मुकला, तर ते पाप कुणाच्या माथी?

मॅडम: रुग्णाला कुठे पाठवायला सांगतेय मी? तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला असतो. तो ठोकळा साध्या कपाटात, साध्या तापमानाला वर्षानुवर्षं टिकतो, आणि त्यातून तीन ते पाच मायक्रॉनचे पातळ काप पुन्हा पुन्हा काढता येतात. तो ठोकळा, काचा आणि अहवाल घेऊन घरातला एक धडधाकट माणूस गेला तरी चालतो. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या काचा आणि ठोकळे पुन्हा वाचण्याची रीत रोजची आहे. १९४१ मध्ये रुग्णालय सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची घडी वसंत रामजी खानोलकरांनी बसवली. ज्यांच्यामुळे या देशात कर्करोगाचं निदान ऊती पाहून करायची शिस्त लागली, त्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात. त्याच टाटा संस्थेचं खारघरचं केंद्र तर तुम्हाला परळपेक्षा जवळ. आणि २०१२ पासून राष्ट्रीय कर्करोग जाळं आहे, देशभरची कर्करोग रुग्णालयं त्यात एकमेकांशी जोडलेली. रुग्ण घरी पेज पीत बसलेला असताना त्याचा ठोकळा मुंबईला जाऊन येऊ शकतो.

माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा इथे आहे. दुर्मिळ रोगाचं निदान म्हणजे मोठं यंत्र, मोठं शहर, मोठा खर्च, अशी आपली समजूत असते. इथे मात्र ते बहुतांशी घडतं किंवा बिघडतं ते तुकडा काढताना आणि पाठवताना. दुर्बिणीतून गाठ खरवडताना खालच्या स्नायूचा थर तुकड्यात आला नाही, तर रोग किती खोल गेलाय ते कुणालाच सांगता येत नाही, मग तज्ज्ञ परळचा असो की परदेशातला. विजेच्या वेटोळ्यानं कडा जळाल्या, की पेशींची रूपं पुसली जातात. दोन-तीन कण काढून भागवलं, तर गाठीच्या एका कोपऱ्यात लपलेला उपप्रकार त्या कणांत येईलच असं नाही. म्हणूनच अस्तराखालच्या थरात शिरलेल्या किंवा स्नायू न मिळालेल्या रोगात काही आठवड्यांनी पुन्हा खरवडून पाहतात. तुकडा पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये न घालता सलाइनमध्ये तसाच पाठवला, तर तो वाटेतच सडू लागतो. हे सगळं टाळायला नवं रुग्णालय बांधावं लागत नाही. उपचारासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेकडे मंजुरी मागताना बायोप्सीचा अहवाल जोडावाच लागतो. २०१२ साली ही योजना, तेव्हाच्या जीवनदायी नावानं, ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत रायगड होता. तेव्हा अहवालाचा कागद इथल्या रुग्णाला एरवीही मिळवावाच लागतो. तो नीट मिळवणं एवढाच काय तो फरक.

आणि चिठ्ठी. तुकड्याबरोबर जो अर्ज जातो त्यावर ‘मूत्राशयातील गाठ’ एवढं लिहून पुष्कळदा काम उरकलं जातं. वय, रक्त किती दिवस, गाठ नेमकी कुठे, आधी कुठला कर्करोग झाला होता का, क्षय होता का, विडी किती वर्षं, आणि काम कसलं, हे तिथे हवं. क्षयानंही मूत्राशय आक्रसतं आणि लघवीतून रक्त जातं. आपल्या भागात ती शक्यता बाजूला सारून चालत नाही. कामाचा प्रश्न तर या भागात विशेष. लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकानं १८९५ मध्ये फुक्सिन रंगाच्या कारखान्यातल्या मजुरांत मूत्राशयाच्या गाठी पाहिल्या आणि रंगधंद्याकडे बोट दाखवलं. पुढे दोष सिद्ध झाला तो बीटा-नॅफ्थिलअमाइन आणि बेंझिडिनसारख्या द्रव्यांवर. खोपोली, रसायनी, पाताळगंगा या पट्ट्यात साठ वर्षांहून अधिक काळ रासायनिक उद्योग आहेत. याचा अर्थ इथल्या कुठल्या कारखान्यानं कुणाला कर्करोग दिला असा होत नाही. तसा आरोप करायला वेगळा पुरावा लागतो, आणि या रोगाचं सर्वांत मोठं ज्ञात कारण आजही तंबाखूचा धूर हेच आहे. पण संपर्क आणि रोग यांच्यामध्ये वीस-तीस वर्षं जातात. अर्जावर धंदा लिहिलेलाच नसेल, तर तो पुरावा उद्याही जमणार नाही. निवृत्त कामगाराच्या अर्जावर ‘शेती’ लिहून मोकळं होणं हे या पट्ट्यात फार सोपं आहे.

डॉक्टर: अर्जाचं मी करीन. ते माझ्या हातातलं आहे. पण एक भीती उरते, आणि ती तुम्ही झटकून टाकू नका. नाव भयंकर निघालं की शल्यचिकित्सक भयंकर उपाय सुचवतो. तुमच्या त्या मायक्रोपॅपिलरीत, रोग अजून स्नायूत गेलेला नसतानाही, मूत्राशय काढून टाका म्हणतात. पोटाला पिशवी लागते. माझ्या वाडीवर उन्हाळ्यात पाणी डोक्यावरून आणतात. तिथे पिशवी बदलायची, स्वच्छ ठेवायची, नवी विकत आणायची. एका शब्दापायी एवढं?

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. स्नायूत न शिरलेल्या तीव्र रोगावर नेहमीचा उपाय बीसीजीचा. तान्ह्या बाळाच्या दंडावर टोचतात त्याच जंतूची ही कर्करोगासाठीची मात्रा, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनते, आणि ती मूत्राशयात सोडतात. २००६ साली आशिष कामत आणि सहकाऱ्यांनी मायक्रोपॅपिलरी रुग्णांचा अनुभव मांडला. ज्या २७ जणांना बीसीजी दिली, त्यांपैकी दोनतृतीयांश जणांचा रोग पुढे सरकला होता. त्यावरून लवकर मूत्राशय काढावं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पण २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयातून आलेल्या अभ्यासात, रोग अस्तराखालच्या थरापर्यंतच असलेल्या निवडक रुग्णांत, लगेच मूत्राशय काढलेले आणि राखलेले यांच्यात तसा ठळक फरक दिसला नाही. रुग्णसंख्या दोन्हीकडे थोडी. इथे शास्त्राचा निवाडा झालेला नाही. म्हणून रुग्णाची परिस्थिती, पाणी, घरातली माणसं, तपासणीला पुन्हा पुन्हा येण्याची ऐपत, हे सगळं निर्णयात धरणं योग्यच आहे. फक्त हा सौदा रुग्णानं डोळे उघडे ठेवून करायचा, तर नाव त्याला कळलेलं असायला हवं. बीसीजी चालू ठेवून मूत्राशय राखायचं ठरलं, तर दर तीन महिन्यांनी दुर्बीण चुकवायची नाही, ही अट कुणीतरी त्याला समजावून सांगितली पाहिजे. नाव झाकून ठेवलं तर तो हीच अट सर्वांत आधी मोडेल, कारण लाल लघवी तर कधीच थांबलेली असते.

मॅडम: मी अहवालात नाव लिहिताना त्याचा गाठीतला वाटाही लिहीन, पाच टक्के की पन्नास. खात्री नसेल तर तेही लिहीन. शल्यचिकित्सकानं त्या वाट्याकडे न बघता सुरी उचलली, तर तुम्ही त्याला फोन करा, डॉक्टर. तुम्हाला रुग्णाचं घर ठाऊक आहे, मला नाही.

डॉक्टर: फोन मी करीन. पण उन्हाळी लागली म्हणून आलेल्या बाईला पहिल्या दिवशीच लघवीच्या रंगाबद्दल विचारायचं, आणि गोळ्यांनी पंधरा दिवसांत उतार पडला नाही की सोनोग्राफीला पाठवायचं, हे तुमच्या परिषदांत कधी कुणी सांगत नाही. ते आधी सांगा. ठोकळ्याचं मी बघतो.